तुटक रेषेची वाट

गावनकाशात पायवाट एकेरी तुटक रेषेने दाखवतात, गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरायची, गाडीवाटेची साडेसोळा ते एकवीस. शेतरस्त्याचं भांडण तहसीलदारापुढे गेलं की आजही हाच नकाशा टेबलावर उलगडतो आणि कोणाच्या आजोबांनी बांध कुठे सरकवला ते त्या तुटक रेषेवरून ठरतं. नवी मुंबईच्या खाडीकाठाने पायी जायचं ठरवलं तेव्हा हाती होता तो मात्र सेक्टरांचा नकाशा. त्यात रस्ते जाड आणि ठाशीव, भूखंडांना क्रमांक, कडेला तिवरांचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे निळं पाणी. हिरव्यातून निळ्यापर्यंत नेणारी रेषा शोधायला बसलो, तर ती कुठे सापडेना.

पश्चिमेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला पनवेलची. दोन बाजूंनी पाणी असलेल्या या शहराच्या जाहिरातींत पन्नास वर्षं खाडी विकली जाते आहे. 'खाडीदर्शनी' सदनिकेचा भाव वेगळा असतो. पण दर्शन बाराव्या मजल्यावरून. त्याच इमारतीतल्या माणसाला खाली उतरून पाण्यात हात बुडवायचा असेल तर त्याने जायचं कुठून, याचं उत्तर ना सोसायटीच्या वॉचमनकडे ना महापालिकेच्या फलकांवर. ते मिळतं दिवाळ्याच्या, करावेच्या, सारसोळ्याच्या लोकांकडे. या शहरात खाडीपर्यंत जी काही वाट उरली आहे ती जुन्या गावांनी पायाखाली ठेवल्यामुळे उरली आहे. नियोजनाने ती आखलेली नाही; फार तर पुसायची राहून गेली.

सुरुवात बेलापूरच्या किल्ल्यापासून करावी. पाम बीच रस्ता आणि उलव्याकडे जाणारा आम्र मार्ग जिथे भेटतात त्या चौकाला किल्ला जंक्शन म्हणतात. महापालिकेची घुमटाची भव्य इमारत आणि तिच्यापुढचा उंचच उंच ध्वज सगळ्यांना दिसतो, किल्ला मात्र दाखवावा लागतो. पनवेल खाडीच्या मुखाजवळच्या टेकाडावर, झाडोऱ्यात, उरलेले मोजके अवशेष आणि एक टेहळणीचा बुरूज. सोळाव्या शतकात, १५६० ते १५७० च्या सुमारास, सिद्द्यांनी तो बांधला असं मानतात. १६८२ मध्ये पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या कागदांत या भागाचं नाव शहाबाज या नावाच्या वळणाने येतं, आणि ते नाव अजून जिवंत आहे, कारण शहाबाज गाव इथेच सीबीडीच्या सेक्टरांच्या मध्ये उभं आहे. पुढे १७३० च्या दशकात मराठ्यांनी किल्ला घेतला. चिमाजी अप्पांनी जवळच्या अमृतेश्वराला बेलाची माळ वाहण्याचा नवस केला होता आणि त्या बेलावरून बेलापूर, अशी कथा सांगतात. अशा कथांना पुरावा मागू नये, पण त्यावर पैजही लावू नये.

मराठ्यांच्या हातून किल्ला गेला त्याची तारीख मात्र पक्की आहे. १३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला, पेशव्यांनी उत्तर कोकणचा मुलूख सोडला आणि दहाच दिवसांनी, २३ जूनला, ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन चार्ल्स ग्रेने बेलापूर ताब्यात घेतलं. नंतर इंग्रजांनी किल्ल्याची मोडतोड केली, पुन्हा कोणी आत बसू नये म्हणून. भरभराटीच्या काळात इथे १८० माणसांच्या चार तुकड्या आणि १४ तोफा होत्या, अशी नोंद आहे. तोफा लहानच, चार ते बारा पौंडी. खाडीतून पनवेल बंदराकडे जाणाऱ्या गलबतावर नजर ठेवायला तेवढ्या पुरत असणार. किल्ल्यातून घारापुरीला जाणारं भुयार आहे असंही गावात ऐकू येतं. महाराष्ट्रात भुयाराशिवाय किल्ला नाही. इथल्या भुयाराला थेट समुद्राखालून जावं लागतं, एवढाच त्याचा मोठेपणा.

या टेकाडावरून समोर पाहिलं की किल्ला इथेच का, ते कळतं. गाढी, कासाडी, काळुंद्री या नद्यांचं पाणी पनवेलच्या बाजूने खाडीत येतं. गाढी तर माथेरानच्या डोंगरातून उतरते. त्या सगळ्या पाण्याचं तोंड इथून दिसतं. पलीकडच्या काठावर पूर्वी उलव्याची टेकडी होती. ती कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गाववस्त्या हलवल्या आणि तिथे विमानतळ झाला. त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, प्रवासी विमानं २५ डिसेंबरपासून सुटू लागली. सिद्द्यांच्या बुरुजाजवळ उभं राहून विमान उतरताना पाहावं असा हा देखावा आहे. तिथे एखादा साधा बाक ठेवावा असं कोणाला सुचलेलं नाही, हे मी तक्रार म्हणून नव्हे, शहराच्या स्वभावाची खूण म्हणून लिहितो.

किल्ल्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या बाजूला, बेलापूरची जेट्टी आहे. १७ फेब्रुवारी २०२२ ला इथून जलटॅक्सी सुरू झाली. भाऊचा धक्का, घारापुरी, जेएनपीटी अशी नावं फलकावर झळकली. पुढे प्रवासी जमेनात आणि फेऱ्या रोडावल्या. तिकीट महाग, हे एक कारण; जेट्टीपर्यंत पायी यायला धड रस्ता नाही, हे त्याहून मोठं. विमानतळावर माणसं गाडीने जातात. होडीवर माणूस चालत येतो, हे ज्यांनी तिकिटाचा दर काढला त्यांच्या हिशेबात नव्हतं.

दिवाळे गावात शिरलं की चित्र बदलतं. वाट घरांच्या मधून जाते, दोन माणसं शेजारी चालतील एवढीच, आणि ती सरळ पाण्यावर उतरते. दारात जाळी वाळत घातलेली, ओट्यावर सुक्या मासळीचा वास, वळणावर देऊळ. मासळीबाजार हा गावाचा चव्हाटा. खाडीची बोय, निवट्या, चिंबोऱ्या, कोलंबी, नशीब असेल तर जिताडा. जिताडा हा या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांचा मानाचा मासा. जावयाच्या ताटात तो पडला नाही तर सासुरवाडीची शोभा नाही. निवटी चिखलात उड्या मारते, पाण्याबाहेर श्वास घेते आणि ताटात येईपर्यंत दम धरून असते. बाहेरगावचे लोक पापलेट-सुरमईवर थांबतात. खाडीची चव कळायची असेल तर निवट्यांचं कालवण खावं.

बाजारात पाटीवर बसलेल्या एका मावशींना विचारलं, पाणी कधी भरेल? त्यांनी मासे कापता कापताच सांगितलं, "उद्या अवस. पानी भरायचं दुपारलाच." घड्याळ नाही, मोबाइल नाही. तिथी सांगितली की वेळ कळते. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते आणि तेवढीच मध्यरात्री. मग रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अष्टमीला ती सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. अमावास्या-पौर्णिमेचं मोठं पाणी ते उधाण, अष्टमीचं लहान पाणी तो भांग. म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी खाडीला उधाण असतं, दुपारी पाणी जेट्टीच्या पायऱ्यांना लागतं आणि सकाळी सहाला त्याच जागी नुसता चिखल चमकतो. नवी मुंबईत दिवाळीची सुट्टी काढून फिरायला निघणाऱ्यांत हे माहीत असणारे किती, हा प्रश्न मी दिवाळ्यात मोठ्याने विचारला नाही.

या गावाची दिवाळी पाण्याशी बांधलेली आहे. बहिरीदेवाची जत्रा दिवाळीतच. देवाला समुद्रातून आणतात, जत्रा झाली की पुन्हा समुद्रात नेतात. ज्या गावाचा देव पाण्यात राहतो त्या गावाला पाण्यापर्यंतची वाट बंद करून कशी चालेल? दिवाळे, सारसोळे अशा कोळीवाड्यांच्या वाटा टिकल्या त्यामागे हे साधं कारण आहे. त्यांना रोज आणि सणाला, पोटासाठी आणि देवासाठी, खाली उतरावंच लागतं.

आता नकाशा कसा बदलला ते सांगायला हवं. चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली. ते शहर वसवण्यासाठी १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. कल्पना थोर होती, आणि कोरियांनी स्वतः बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज बांधलं तेव्हा त्यांनी चालणाऱ्या माणसाचा फार बारकाईने विचार केला: लहान लहान घरांचे पुंजके, पुंजक्यांच्या मध्ये अंगणं, अंगणांच्या मधून वाटा आणि वसाहतीच्या मधून वाहणारा ओढा. पण तो एका वसाहतीपुरता राहिला. मोठ्या नकाशात वर्चस्व राहिलं ते मोटारीचं.

भूसंपादन झालं ते सातबाऱ्यावरच्या जमिनीचं. शेतकऱ्यांना मिळालेला मोबदला इतका तुटपुंजा होता की दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हा इतिहास आगरी-कोळी घरांत लहान मुलालाही पाठ असतो. त्यातली एक बाजू मात्र कमी बोलली जाते. खाडीचा सातबारा कोणाच्याच नावावर नसतो. चिखलातून निवट्या काढणाऱ्या बाईचा, पागाने बोय मारणाऱ्याचा, मिठागरावर राबणाऱ्याचा हक्क कोणत्याही उताऱ्यावर नव्हता. शेताची किंमत कमी मिळाली तरी मिळाली, पाण्यापर्यंतच्या वाटेची किंमत कोणी लावलीच नाही. आणि गावनकाशाच्या जागी सेक्टरांचा नकाशा आला, तेव्हा त्या वाटांच्या तुटक रेषा कुठल्याही कार्यालयाने फेटाळल्या नाहीत. त्या नुसत्या नव्या कागदावर उतरवल्या गेल्या नाहीत.

गंमत अशी की पाण्याचं जे शास्त्र गावांना ठाऊक होतं ते शहराने वेगळ्या नावाने परत आणलं. खाडीकाठची भातशेती ही खारजमीन. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालायचा आणि बांधात उघाडी ठेवायची. भरतीच्या दाबाने उघाडीचं दार मिटतं, ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याने ते उघडतं. बांधांची निगा ही सगळ्या गावाची जबाबदारी. एकाने हयगय केली तर सगळ्यांच्या शेतात खारं पाणी. पुढे सरकारने खारजमिनींसाठी १९४८ आणि १९७९ चे कायदे केले. सिडकोने शहर वसवलं तेही भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर, म्हणून धारण तलाव खोदले: भरतीच्या वेळी पावसाचं पाणी तलावात साठवायचं आणि ओहोटीला दारांतून खाडीत सोडायचं. दारं तशीच, पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारी. याला डच पद्धत म्हणतात. आगऱ्यांच्या आज्याने हॉलंडचं नाव ऐकलं नव्हतं, पण त्याने आपली उघाडी गाळाने कधी भरू दिली नसती. शहराच्या धारण तलावांत गाळ साचला, गाळात तिवरं उगवली, आणि आता तिवरं संरक्षित असल्याने तलाव उपसायलाही न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न उभा राहतो.

दिवाळ्यातून पुढे निघालं की पाम बीच रस्ता लागतो. वाशी ते बेलापूर, दहाएक किलोमीटर, सहा पदरी, गुळगुळीत. नाव पाम बीच; बीच नाही. रस्त्याच्या एका हाताला शहर, दुसऱ्या हाताला तिवरं. चालणाऱ्यासाठी हा सगळ्यात कठीण टप्पा, कारण पाणी सतत शेजारी आहे आणि त्याच्याकडे जायला वाट नाही. नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई आहे, एका धारण तलावाभोवतीचा फिरण्याचा मार्ग. पहाटे तिथे गर्दी असते आणि ती योग्यच आहे. पण तलावाभोवती गोल फिरणं आणि काठाने पुढे जाणं यांत फरक आहे. गोल फिरणारा जिथून निघाला तिथेच येतो.

मधल्या भागात करावे गाव, टी. एस. चाणक्य ही सागरी प्रशिक्षण संस्था आणि तिच्या आसपासच्या पाणथळ जागा. इथे गोल्फ कोर्स आणि घरबांधणीचा घाट घातला होता. उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याविरुद्ध निकाल दिला आणि वाद पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तिवरांबाबतचा मोठा निकाल दिला होता: तिवरांची तोड हा जगण्याच्या हक्कावर घाला आहे, आणि तिवरांभोवती पन्नास मीटरच्या पट्ट्यात बांधकाम नको. चालणाऱ्याच्या बाजूने याहून मोठा निर्णय या किनाऱ्यावर झालेला नाही, जरी त्या निकालात चालण्याचा शब्द नसला तरी.

जवळच डीपीएस तलाव. तीसेक एकरांचं हे पाणी फ्लेमिंगोंचं विश्रांतिस्थान. ओहोटीला ठाण्याच्या खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा हे पक्षी तिथे चरतात. भरतीने चिखल बुडाला की उडत येऊन इथल्या उथळ पाण्यात उभे राहतात आणि पाणी उतरलं की परत जातात. त्यांचंही वेळापत्रक मावशींच्याच पंचांगावर चालतं. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला, पण पक्ष्यांना अभयारण्याची हद्द माहीत नसते आणि त्यांची अर्धी वस्ती हद्दीबाहेरच्या तलावांत असते. नेरुळच्या जेट्टीचा रस्ता झाला तेव्हा तलावात येणारे भरतीचे मार्ग बुजले. पाणी साचलं, शेवाळलं. २०२४ च्या उन्हाळ्यात इथे फ्लेमिंगो मरून पडू लागले तेव्हा सरकारी समिती बसली. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हा तलाव संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. बोटीने प्रवास करावा म्हणून जेट्टी बांधली, जेट्टीसाठी रस्ता केला, आणि रस्त्याने पाणीच अडवलं. उघाडी बांधणाऱ्यांपैकी एकाला जरी विचारलं असतं तरी त्याने रस्त्याखाली मोऱ्या कुठे ठेवायच्या ते काठीने रेघ ओढून दाखवलं असतं.

इंग्लंडमध्ये नदीकाठी चालण्याचं फार कौतुक आहे, आणि आपल्याकडचे पर्यटक टेम्सच्या काठची जुनी गावं पाहून हळहळत परत येतात. हळहळायचं कारण निसर्ग नाही. टेम्स ही काही आपल्या खाडीपेक्षा देखणी नाही. तिथली वाट मुळात कामाची वाट होती, होड्या दोराने ओढणाऱ्या माणसांची आणि घोड्यांची. रेल्वे आली, होड्या गेल्या, वाटा ओस पडू लागल्या. तरी त्या पुसल्या गेल्या नाहीत, कारण लोक भांडले. २४ एप्रिल १९३२ ला किंडर स्काउटच्या माळावर कामगारांनी जमीनदारांचा मज्जाव मोडून सामुदायिक पदयात्रा काढली, काही जण तुरुंगात गेले. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक पायवाटांचा नकाशा करणं बंधनकारक केलं. त्या नकाशावर एकदा वाट आली की जमिनीचा मालक बदलला तरी वाट बदलत नाही. त्या पायावर १९९६ मध्ये टेम्सच्या काठाने १८४ मैलांचा राष्ट्रीय मार्ग खुला झाला. काही ठिकाणी जुने नावेचे उतार बंद पडल्यामुळे त्यालाही वळसा घ्यावा लागतो. तिथेही सगळं गोड नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं समजू नये. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं निर्वेध वापरलेल्या वाटेचा हक्क आहे, सरकारी जमिनीवर तीस वर्षं. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने वहिवाटीची वाट अडवणाऱ्याला तहसीलदार हुकूम देऊ शकतो. हे कायदे शेतकरी रोज वापरतात. शहरात आलो की आपण ते विसरतो, कारण शहरात वाट म्हणजे पालिकेने दिलेली वस्तू असं आपण धरून चालतो. दिवाळ्याच्या जेट्टीकडे जाणारी बोळकंडी वीस नव्हे, कित्येक पिढ्या वापरात आहे. तिला नकाशावर आणायला निधी लागत नाही, सर्वेक्षकाचा एक दिवस लागतो.

मला इथे कॉंक्रीटचा नदीकाठ नको आहे. साबरमतीसारखी भिंत आणि तिच्यावर दिव्यांची रांग खाडीकाठी उभी राहिली तर तिवरं जातील, निवट्या जातील, आणि पन्नास मीटरचा निकाल कोणी तरी वाकवेल. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात तिवरांच्या मधून लाकडी फळ्यांची वाट केली आहे, तेवढं पुष्कळ झालं. बाकी ठिकाणी बांध आहेत, जुन्या खारजमिनीचे, अजून चालण्याजोगे. त्यांवरची एकेरी तुटक रेषा सेक्टरांच्या नकाशावर परत काढावी, कुठे वाट गावाची आहे आणि कुठे वनखात्याची ते फलकावर लिहावं, आणि भरतीचा तक्ता लावावा. महापालिका, सिडको, वनखातं आणि सागरी मंडळ या चौघांना एका टेबलाशी बसवणं हे यातलं अवघड काम. चौघांच्याही नकाशांत तीच खाडी आहे आणि चौघांच्याही नकाशांत तिची कड वेगळ्या ठिकाणी आहे.

तोवर ज्याला जायचं आहे त्याने असं जावं. फ्लेमिंगो पाहायचे तर दिवाळीत नव्हे, जानेवारी ते एप्रिलमध्ये, आणि डीपीएस तलावावर भरतीच्या वेळी; अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास दुपारी ऊन सोसायची तयारी ठेवून. चिखल, बगळे आणि पाग टाकणारे कोळी पाहायचे तर त्याच तिथींना पहाटे दिवाळ्याच्या जेट्टीवर. किल्ल्यावर संध्याकाळी जावं, विमानं दिसतात. तिवरांत शिरू नये; पाय रुततो आणि गाळ सोडत नाही. गावातून जाताना कोणाच्या दारातल्या जाळीवरून पाय टाकू नये, वाट विचारावी, फोटो विचारून काढावा. आणि परतताना दिवाळ्याच्या बाजारातून चिंबोऱ्या घ्याव्यात. अमावास्येच्या सुमाराच्या भरलेल्या असतात असं तिथे सांगतात, पौर्णिमेच्या पोकळ. खात्री करायची असेल तर मावशींना उचलून दाखवायला सांगावं.